तीन जीपा आणि एक रास

त्या गावात आठवड्यातून तीन जीपा येत. मंगळवारी आमच्या संस्थेची, गुरुवारी रोजगार हमीच्या ओव्हरसियरची आणि शनिवारी पोलिसांची. आमची गहू द्यायला यायची, दुसरी काम द्यायला, तिसरी समज द्यायला. तिन्ही एकाच पिंपळाखाली थांबत. पण जीपांतल्या माणसांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती, आणि ती पाहावीत असं कुणाला वाटतही नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, पावसाने त्या वर्षी पार पाठ फिरवली होती. पोळ्याला बैल सजवले ते लोकांनी नुसती रीत म्हणून. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली आणि कापसाची बोंडं सुपारीएवढीच राहिली. मी धुळ्याच्या एका संस्थेत कामाला होते. कुणाला काय, किती आणि कधी मिळालं याच्या याद्या करणं हे माझं काम. मला ते आवडायचं. घरीही किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंची यादी भिंतीवर टांगलेली असे. नवरा म्हणायचा, "मी कितव्या नंबरला आहे ते बघून सांग, म्हणजे त्या हिशोबाने घरी येतो."

तर त्या गावातल्या घरांची यादी मी चार दिवस राबून केली होती. कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, खाणारी तोंडं, जमीन, जनावरं. अकारविल्हे. एकही घर सुटलेलं नव्हतं. एवढी सुबक यादी मी त्याआधी केली नव्हती, आणि तिने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा दुसऱ्या कुठल्याच कागदाने दिला नाही.

गावात दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची, आणि मधून कोरडा नाला. दोन्ही गल्ल्या एकाच कुळाच्या, कुणबी शेतकऱ्यांच्या. आडनाव एक, कुळाचार एक. सहा वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांच्यात मारामारी झाली होती, एका माणसाचा पाय मोडला होता आणि धुळ्याच्या कोर्टात केस चालू होती. हे मला माहीत होतं. यादीच्या शेवटी 'शेरा' या रकान्यात मी लिहिलंही होतं, 'गावात जुना वाद'. माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता.

पहिल्यांदा गहू घेऊन गेलो तो मंगळवार. शाळा खालच्या गल्लीत होती, म्हणून वाटप शाळेच्या पटांगणात ठेवलं. पोती वाटेत फाटली होती, कुठलं भरलेलं, कुठलं अर्धं. मी सगळी पोती ताडपत्रीवर रिकामी करायला लावली. एकच मोठी रास झाली. एका राशीतून, एका मापाने, यादीप्रमाणे मोजायचं, म्हणजे कुणाला कमी-जास्त झालं असं म्हणायला जागा नाही. कल्पना माझी होती, आणि तिचं मला कौतुकही वाटलं होतं.

खालच्या गल्लीतले लोक नाव पुकारलं की येत, अंगठा उठवत, गहू घेत. मग वरच्या गल्लीतलं पहिलं नाव आलं. पाय मोडलेल्या माणसाचंच. कुणी पुढे आलं नाही. मी दुसऱ्यांदा पुकारलं. वरच्या गल्लीच्या बायका शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, काखेत रिकाम्या गोण्यांच्या घड्या घेऊन. त्यांच्यात पुढे होती ती त्या माणसाची बायको. तिला सगळं गाव अक्का म्हणे. पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. तिने फाटकातून त्या राशीकडे पाहिलं, गोणीची घडी परत काखेत घट्ट केली आणि वळली. तिच्यामागून सगळ्या.

मी यादी हातात घेऊन तिच्यामागे धावले.

"अक्का, यादीत नाव आहे तुमचं! झालं काय?"

"नाव शे ना? मंग ऱ्हाऊ द्या तठेच."

"अहो, गहू चांगला आहे. बघा तरी."

"गहूले काय व्हयनं? गहू चांगलाच शे."

शाळेच्या ओट्यावर खालच्या गल्लीचे आबा बसले होते. म्हातारे, गल्लीत त्यांचा शब्द चाले. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, तुम्ही मोजा. त्यासले आजून भूक लागनी नही."

पटांगणात हशा झाला. अक्का रस्त्यावरून थांबून ओरडली, "आबा, पहिले तुम्हनं पोट भरी ल्या! मंग आमनी भूक मोजा!"

जवळपास अर्धा गहू आम्ही परत धुळ्याला आणला. आमचे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, भले माणूस होते, पण प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असे, ते म्हणजे समिती. ते म्हणाले, "माणसं उपाशी आणि गहू परत? याचा अर्थ गावात विश्वास नाही. दोन्ही गल्ल्यांची मिळून एक समिती करा. एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. सह्या आल्या की उरलेला गहू सोडू."

मी कागद तयार केला. पुढचे तीन आठवडे तो कागद माझ्या पर्समध्ये होता आणि त्याच्यावर खालच्या गल्लीच्या पाच सह्या होत्या. वरच्या गल्लीची एकही नाही.

तेवढ्यात गुरुवारच्या जीपने आपला पराक्रम केला. नाल्यावर मातीचा बांध घालायचं काम हमी योजनेत मंजूर झालं होतं. ओव्हरसियर तरुण होता, घाईचा होता. त्याने बायकापुरुष जसे आले तसे दहा-दहाच्या टोळ्यांत घातले. टोळीने मिळून खोदायचं, मिळून माती वाहायची, मोजमाप टोळीचं एकत्र. दोन्ही गल्ल्यांच्या बायका एकाच खड्ड्यात. दुपारपर्यंत 'तू कमी भरतेस, ती जास्त भरते' सुरू झालं, मग एकीची पाटी दुसरीच्या पाठीत बसली, आणि मग जे व्हायचं ते झालं. ओव्हरसियरने मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, गुंडाळलं. काम बंद.

शनिवारच्या जीपने शांतता समितीची बैठक घेतली. फौजदारांनी नारळ आणले, हार आणले. आबांना आणि अक्काच्या थोरल्या दिराला एकमेकांच्या गळ्यात पडायला लावलं. फोटो निघाला. रविवारी कुणीतरी विहिरीवरचा पाइप तोडला.

मी मुळात अशी बाई की एका कामाला दोन खेपा पडल्या तर मला रात्री झोप लागत नाही. त्या महिन्यात माझ्या किती खेपा झाल्या ते मी लिहून ठेवलं नाही, मुद्दामच. मी ओव्हरसियरकडे गेले.

"काम पुन्हा सुरू करा ना."

"बाई, तुम्ही आधी गहू वाटा. उपाशी माणसं चिडकी असतात. पोटात गेलं की भांडणार नाहीत."

मी फौजदारांकडे गेले.

"मी काय करू? हाताला काम नाही म्हणून भांडतात. आधी काम सुरू करायला सांगा त्या ओव्हरसियरला."

मी साहेबांकडे गेले.

"फुकट वाटून लोकांना सवय लागते, बाई. आधी भांडण मिटू द्या, काम चालू होऊ द्या, मग गहू."

तिघेही आपापल्या खुर्चीवर बसून अगदी शांतपणे बोलत होते. तिघांचंही म्हणणं असं की आपलं नंतर, आधी दुसऱ्याचं. मी विचारलं, तुम्ही तिघं एकदा एकत्र बसता का? त्यावर ओव्हरसियर म्हणाला, "आमचं खर्चाचं हेड वेगळं आहे." फौजदार म्हणाले, "आमचा तो प्रांत नाही." साहेब म्हणाले, "सुचवा, प्रस्तावात घालू."

दिवाळी आली. गावात दिवाळी म्हणजे दारात एक पणती. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ऊसतोडीचा मुकादम गावात येऊन गेला. गुजरातच्या कारखान्यासाठी टोळी हवी होती. वरच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी त्याला होकार दिला. दिवाळीनंतरच्या सोमवारी ट्रक येणार होता.

त्याआधीच्या मंगळवारी मी तो सह्यांचा कागद घेऊन अक्काच्या घरी गेले. ती भांडी बांधत होती. एक पातेलं, दोन ताटल्या, तवा. ओट्यावर नवरा मोडलेला पाय लांब करून बसला होता. काठीशिवाय त्याला दोन पावलंही टाकता येत नव्हती. आत सून भाजी निवडत बसली होती. तिला सातवा महिना संपत आलेला दिसत होता.

"हिला घेऊन जाणार?"

"मंग कोठे ठेवू? आठे कोन खाऊ घाली तिले?"

"उसाच्या फडात? पाचटाच्या खोपीत बाळंत होणार ही?"

"माहीत शे माले," अक्का म्हणाली. "मनी येक तठेच गई, फडमा. पोर बी गई, माय बी गई. मना जेठनी सून व्हती ती." आणि तवा फडक्यात गुंडाळू लागली.

मग मात्र माझा तोल गेला. मी त्या घरात उभी राहून आवाज चढवला. म्हणाले, गहू दारात आणला तर घेत नाही, काम दिलं तर भांडता, सही मागितली तर करत नाही, आणि आता या पोरीला ट्रकमध्ये घालायला निघालात. तुम्हाला हवंय तरी काय?

अक्काने तवा खाली ठेवला.

"ताई, आमना रोट तुटेल शे."

खान्देशात राहून हे मला समजायला हवं होतं. श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या माणसांप्रमाणे मोजून घेतात, घरीच दळतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा देत नाहीत. आमच्या माहेरीही हे होतं. मारामारी झाली त्या वर्षापासून दोन्ही गल्ल्यांनी रोट वेगळे केले होते. त्या गावात त्याचा अर्थ असा घेतला जाई की आता एका राशीतला मोजलेला दाणा दोन्ही घरांत जाणार नाही. ज्या दिवशी गेला, त्या दिवशी भांडण मिटलं.

"येक राशना गहू तुम्ही मोजी दिधा, अन् आम्ही लिधा, म्हंजे रोट येक व्हयना," अक्का म्हणाली. "दुसरा दिन आबा बठ्ठा गावले सांगतीन, की मिटनं. मंग याना पायनं काय?"

नवरा ओट्यावरून म्हणाला, "पाय आते मना नही ऱ्हायना, ताई. गल्लीना व्हई गया. माले इचारतस बी नही."

"तुम्ही चूप बसा," अक्का म्हणाली.

मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारं का? तुम्ही नाव इचारं. वय इचारं. बैल कितला, बकऱ्या कितल्या, ते बी इचारं."

"मग आता करायचं काय?"

"काय करानं? दोन राशी करा. येक इकडे, येक तिकडे. यामा काय शे येवढं?"

मी ओट्यावर बसले. पर्समध्ये तो कागद होता, पाच सह्यांचा. तीन आठवडे. दोन ताडपत्र्या लागल्या असत्या फक्त.

मी बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट विचारली. बांधाचं काम पुन्हा निघालं आणि टोळ्या गल्लीप्रमाणे पाडल्या, तर जाणं टळेल का? अक्का म्हणाली, कामाची मजुरी पंधरा दिवसांनी मिळते, मोजमाप होऊन. तेवढे दिवस काय खायचं? मुकादम पहिल्या दिवसापासून धान्य देतो. म्हणूनच लोक त्याच्या ट्रकमध्ये चढतात. ओव्हरसियरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचं म्हणणं, खायला घालणं त्याच्या हेडमध्ये नाही. आणि आमच्या साहेबांचं म्हणणं, आधी काम, मगच गहू. गव्हाचा पहिल्या पंधरवड्याचा शिधा मस्टरच्या पहिल्याच दिवशी मिळाला, तर माणसं राहू शकत होती. एवढं साधं होतं. दोन जीपा एका दिवशी. आणि पहिल्या दिवशी पुन्हा पाट्या पाठीत बसू नयेत म्हणून तिसरीही त्याच दिवशी.

दुसरी रास कुठे करायची हाही प्रश्न होताच. खालच्या गल्लीत अक्का येणार नाही, वरच्या गल्लीत आबा जाणार नाहीत. राहिला नाला. बांधाची जागाच. एका काठावर एक रास, दुसऱ्या काठावर दुसरी. बांधसुद्धा दोन्ही टोकांकडून घालायचा, ज्याने त्याने आपल्या काठाने.

आबांना विचारायला मी त्यांच्या ओट्यावर गेले. मला वाटलं होतं ते अडून बसतील. त्यांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "त्यासनी रास मोठी का आमनी?"

"माणसांप्रमाणे. तुमची गल्ली मोठी, तुमची रास मोठी."

"पहिले कोनी ओतशात?"

"दोन्ही एकदम."

"हां. येकदम ओता." मग मळलेली तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "मना घर बी चार जन कामनी वाट दखी ऱ्हायनात, ताई. ते फौजदारनी सांगं म्हनीसन मी गळे पडनू. गळे पडीसन कोनं पोट भरस?"

साहेबांना दोन राशींची कल्पना पटेना. "म्हणजे आपण त्यांच्या फुटीला मान्यता देतो, बाई. हे आपल्या तत्त्वात बसत नाही."

"साहेब, आपण गहू देतो. मान्यता द्यायला कोर्ट आहे."

शेवटी मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटत नाही. मी तिघांशीही खोटं बोलले. साहेबांना सांगितलं, ओव्हरसियर आणि फौजदार सोमवारी येणार आहेत, संस्थेचीच गाडी नसेल तर बरं दिसणार नाही. ओव्हरसियरला सांगितलं, फौजदार बंदोबस्त देतायत आणि गहूही येतोय, मस्टर तेवढं तुमच्यामुळे अडलंय असं तालुक्यात बोलतायत. फौजदारांना सांगितलं, ते दोघं येतायत. तिघांनीही एकच तक्रार केली, की सोमवार हा आमचा वार नाही.

सोमवारी सकाळी मी पहिल्या एस.टी.ने पोचले. पिंपळाखाली मुकादमाचा ट्रक आधीच उभा होता. बायका बोचकी वर चढवत होत्या. अक्काचा मुलगा फळकुटावर बसला होता, त्याच्या शेजारी त्यांचं बोचकं. नाल्यावर ओव्हरसियर आला होता, मस्टर काखेत मारून घड्याळ बघत. फौजदारांनी हवालदार पाठवला होता. तो झाडाखाली बसून शेंगा सोलत होता. आबांची माणसं खालच्या काठावर फावडी घेऊन उभी होती.

आमची गव्हाची गाडी नव्हती.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. नंतर कळलं की साहेबांनी गाडीला लावायला कापडी फलक रंगवायला टाकला होता आणि रंगारी उशिरा आला. फलक! मला आजही कापडी फलक दिसला की कपाळात तिडीक जाते.

मुकादमाने हॉर्न वाजवला. अक्का ट्रकच्या मागच्या फळीला धरून उभी होती. सून खाली दगडावर टेकली होती. नवऱ्याला दोघांनी उचलून अजून वर ठेवायचं होतं.

"ताई, कोठे शे तुम्हना गहू?"

"येतोय, अक्का. निघालाय."

"तीन साहेबस्ना वार येक करी दिधा तुम्ही," ती म्हणाली. "घड्याळं तीनच ऱ्हायनात."

मुकादम ओरडला, "अक्का, चढनं व्हई ते चढ. माले नंदुरबार गाठनं शे."

"चढस ना! तुना ट्रकले काय पंख फुटनात का?"

ती वेळ काढत होती. मुद्दाम. तिने एक बोचकं उतरवून पुन्हा बांधलं. सुनेला पाणी पाजलं. नवऱ्याची काठी हरवली म्हणून घरी जाऊन आली, आणि काठी नवऱ्याच्या हातातच होती. मुकादम कपाळाला हात लावून बसला.

दहाच्या सुमारास आमची गाडी आली. फलक फडफडवत. मी साहेबांना नमस्कारही केला नाही, गाडी तडक नाल्यावर नेली. दोन ताडपत्र्या पसरल्या. दोन्ही काठांवर एकाच वेळी पोती उलटी केली. आबा पलीकडून ओरडून विचारत होते, "ओतं का? ओतं का?" आणि वरच्या गल्लीतून कुणीतरी म्हणालं, "आबा, डोया नहीत का? ओतं!"

अक्का वरच्या काठावर आली. गव्हात हात घातला, दाणा दातांखाली फोडला. मग ओव्हरसियरकडे वळली.

"साहेब, टोळी कशी?"

"गल्लीप्रमाणे. या बाईंनी सांगितलंय तसं."

"काम कितला दिन?"

"हे मस्टर दोन आठवड्यांचं. पुढची मंजुरी आली की पुढचं."

"मजुरी?"

"पंधरा दिवसांनी. मोजमाप झालं की."

मग माझ्याकडे. "अन् हाऊ गहू?"

"पंधरा दिवस पुरेल. माणशी मोजलाय."

"पुन्हा येई?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब फलक सरळ करवून घेत होते. मी म्हणाले, "सध्या एकदाच मंजूर आहे."

तिने बोटांवर काही मोजलं. मग ट्रककडे गेली, सुनेच्या काखेत हात घालून तिला दगडावरून उठवलं, बोचक्यातला तवा आणि पातेलं काढून घेतलं, बाकीचं मुलाकडे राहू दिलं. मुलाला काहीतरी म्हणाली. तो बसूनच राहिला.

मी धावत गेले. "अक्का, त्यालाही उतरवा! काम आहे, गहू आहे. आता कशाला जायचं त्याने?"

"तीन साहेब आज येक दिन येल शेतस," ती म्हणाली. "पुढला पंधरा दिनले येतीन का? सांगा. तुम्ही सांगा, मी पोऱ्याले उतारस."

मुकादमाने पुन्हा हॉर्न वाजवला. ट्रक गेला. तिघं राहिली, एक गेला. वरच्या गल्लीतल्या आणखी चार-पाच घरांनी असंच केलं, कुणी अर्धं घर ठेवलं, कुणी पाठवलं. माझी सगळी खटपट घरं शाबूत ठेवण्यासाठी होती. बायका घरं अर्धी करून दोन्हीकडे ठेवत होत्या. मला त्यांचा राग आला होता. चूक त्यांची नव्हती हे कळत असूनही आला होता.

साहेबांनी अहवालात लिहायला सांगितलं, 'सहा कुटुंबे स्थलांतरापासून वाचली.' मी लिहिलं, कोण राहिलं आणि कोण गेलं, नावानिशी. ते म्हणाले, "एवढं बारीक कोण वाचतं?" कुणी वाचलंही नसेल. मी ते बदललं नाही.

बांध दोन्ही काठांकडून चढू लागला. पाट्या आपापल्या बाजूने, पाणी प्यायचे माठसुद्धा दोन. मधल्या भागाकडे कुणी सरकत नव्हतं. पंधरा दिवसांनी मजुरी मिळायला हवी होती. ती मिळाली बाविसाव्या दिवशी, कारण मोजमापाच्या कागदावर सही करणारे साहेब रजेवर गेले होते. मधले सात दिवस वरच्या गल्लीने उकडलेल्या शेंगांवर काढले, खालच्या गल्लीनेही. त्या सात दिवसांसाठी मी धुळ्याला चार वेळा गव्हाची मागणी केली. चौथ्या वेळी साहेबांनी अर्धी खेप दिली, तीही 'विशेष बाब' म्हणून. पुन्हा दोन राशी, आणि या वेळी फलक नाही.

दुसरं मस्टर मात्र अडलं. मंजुरी शिरपूरला होती, शिरपूरहून धुळ्याला गेली होती, धुळ्याला टेबलावर होती. ओव्हरसियर म्हणाला, "बाई, मला बोलून काय उपयोग?" मी म्हणाले, मग कुणाला बोलू त्याचं नाव द्या. त्याने दिलं, आणि त्या माणसाने, कागद परत शिरपूरला गेलाय म्हणत, तिथल्या कचेरीतलं आणखी एक नाव दिलं.

अक्काची सून मार्गशीर्षात बाळंत झाली. घरीच, सुईणीच्या हातून. मुलगी झाली. मी मंगळवारी गेले तर अक्का दारातच होती, एक कोरं पोस्टकार्ड हातात घेऊन. पोस्टमनकडून आणवलं होतं.

"ताई, लिखा. पोऱ्याले. कारखानाना पत्ता मुकादमनी दिधेल शे."

मी ओट्यावर बसून पेन काढलं. अक्काचा नवरा आतून बाळाशी काहीतरी बडबडत होता.

"लिखा, पोर व्हयनी. दोन्ही बऱ्या शेतस. लिखा, बापना पाय तसाच शे. बांध कंबरलगून चढना."

मी लिहिलं. कार्डावर चार ओळींची जागा उरली होती. "लगेच ये, असं लिहू ना?" मी विचारलं. "लेकीचं तोंड बघायला."

अक्काने नाल्याकडे पाहिलं. बांधावर त्या दिवशी कुणी नव्हतं. दोन्ही काठांवर पाट्या पालथ्या पडल्या होत्या.

"दुसरा मस्टर निंघना का?"

"अजून नाही. या आठवड्यात नक्की."

"मंग नका लिखू," ती म्हणाली. "'ये' नका लिखू आजून. मस्टर निंघना की दुसरं कार्ड लिखजात."

"अक्का, मी उद्या स्वतः जाते शिरपूरला. निघेल मस्टर."

"निंघू द्या. मंग लिखू."

मी उरलेली जागा कोरी सोडली, पत्ता लिहिला आणि कार्ड तिला वाचून दाखवलं. मग उद्याची वाट न बघता त्याच दुपारची शिरपूरची एस.टी. पकडली, कारण कचेरी साडेपाचला बंद होत होती.